निळ्या पातळाची दोन टोकं

बाबा, आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून गांधीबागेतल्या कापडबाजारात तुमच्याच गादीवर बसून तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होतो. शाळा तिथेच सुटली आणि दुकानाच्या शेठनी मला तुमच्या जागी बसवलं. शिक्षण अर्धवट म्हणून वेलांट्या दोनदा तपासतो आहे. तुम्ही वाचणार नाही हे माहीत आहे, तरी तपासतो, स्वभावच तसा. मला एकच विचारायचं आहे. गिऱ्हाईकापुढे इतकं थांबायला तुम्ही कुठे शिकलात?

तुम्ही गेल्यावर आठ-नऊ वर्षांनी कोरोनाची साथ आली. सगळ्या बाजाराची शटरं पडली. ताई दवाखान्यात आया आहे, तिला सुटी नव्हती, आणि जावई कळमेश्वरच्या कारखान्यात अडकले होते. म्हणून तिनं आपल्या पोरीला माझ्याकडे आणि आईकडे आणून सोडलं. तुम्ही ही नात पाहिलीत तेव्हा ती पाळण्यात होती. आमच्याकडे यायच्या आधी, त्यांच्या घरी, ताई ड्युटीवरून आली की पोर धावायची आणि ताई दारातूनच ओरडायची, "शिवू नको मले! दूर हो!" तिचाही इलाज नव्हता. पण पोरीच्या मनात ते खोल गेलं. आमच्याकडे आल्यावर ती खाटेच्या एका कोपऱ्यात बसून राहायची. कशाला हात लावत नसे. हात मात्र इतके धुवायची की बोटांची सालं निघाली. ताई एकदा तिला बघायला खाली रस्त्यावर येऊन उभी राहिली, तर ही खिडकीत दोन्ही हात पाठीमागे धरून उभी. त्या दिवशी ताईनं फोनवर मला विचारलं, "मी घ्यायला येईन तवा माह्याजवळ येईल ना गा पोरगी?"

आई दिवसभर तिच्या मागे. "काय झालं वं तुले? जेवून काहून नाही राहिली? बोल ना वं माय!" मीही विचारायचो. जितकं विचारू तितकी ती आक्रसायची. शेवटी ताईनं मुलांच्या मनाचं बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंशी फोनवर माझं बोलणं करून दिलं. त्या म्हणाल्या, भीती वाटते म्हणून रागावू नका, खोटं सांगून समजूत काढू नका, सारखं विचारू नका. रोज ठरलेल्या वेळी तिच्याजवळ बसा आणि ती बोलेल तेव्हा ऐका. मी विचारलं, "पण बसून करू काय?" त्या हसल्या. "तुम्हाला जे येतं ते करा."

मला काय येतं? कापड उलगडता येतं, तेही तुमच्यामुळे. आठवतं ते असं: दिवाळीची सुटी आहे, मी लहान आहे, गादीच्या कडेला बसलो आहे. खापा गावाहून एक बाई येते. मी शहाणपणा करून विचारतो, "काय पाहिजे, बाई?" ती म्हणते, "पाहून राहिली मी," आणि उठायलाच लागते. तुम्ही आवाज न चढवता मला म्हणता, "काहून विचारून राहिला गा तिले? तिलेच माहीत नाही अजून. उलगडत राहा. तोंडाकडं नको, हाताकडं पाहा." आणि तुमच्या हातून पातळ असं सुटतं की ती बाई परत बसते.

मग मी रोज दुपारी जेवणं झाल्यावर आईची पेटी उघडून खाटेपासून थोडा लांब बसू लागलो. एकेक पातळ उलगडायचं, त्याच्याबद्दल काहीबाही बोलायचं, विचारायचं काही नाही. आई म्हणाली, "येडा झाला का रे? घरात गिऱ्हाईक कोण आहे?" पोर बघत राहायची. एके दिवशी तिचं बोट एका निळ्या पातळाच्या काठावर टेकलं. आणि माझ्यातला दुकानदार जागा झाला! बाकीची पातळं झपकन बाजूला सारून मी म्हणालो, "हेच ना? काढून ठेवू?" तिनं हात मागे घेतला आणि उठून धुवायला गेली. पुढचे काही दिवस मी पेटी उघडली की ती भिंतीकडे तोंड करायची.

त्या दिवसांत मला खाप्याच्या बाईची उरलेली गोष्ट आठवली. एका पातळावर हात ठेवून, काही न घेता ती निघून गेली होती. मी घडी घालायला लागलो तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "राहू दे. वरच राहू दे, उघडं." ती परत आली का हो? खूप आठवून पाहिलं, नाही आठवत. तुम्हाला तरी माहीत होतं का, की ती येईल?

मग मीही निळं पातळ खाटेवर तसंच उघडं सोडून उठलो. एक कड वाकडी दिसली तरी माझा जीव खालीवर होतो, पण हात आवरला. एक दिवस बघतो तर तिनं त्याची घडी घातली आहे, अगदी वेडीवाकडी, आणि ती मांडीवर घेऊन बसली आहे. मी शेजारी बसून दुसरं पातळ उलगडू लागलो. ती म्हणाली, "मामा, मी हात लावला तर आईले कोरोना होईल का?"

खोटं सांगायचं नव्हतं. मी म्हणालो, "साथ आहे, तर जपावं लागते. पण तुह्या हातानं कोणी आजारी नाही पडलं."

"मग आई मले दूर हो काहून म्हणे?"

"तुले होऊ नये म्हणून."

मग मी तिच्या वाकड्या घडीकडे बघतो आहे हे पाहून म्हणाली, "असा काय पाहून राहिला? तुही घडी पण वाकडीच असते."

ताईची कोरोनाच्या वार्डातली ड्युटी संपली, दवाखान्यानं सांगितलं होतं तितके दिवस ती वेगळी राहिली आणि मग घ्यायला आली. पण सवयीनं उंबऱ्याबाहेरच थांबली. आई पोरीला "जा वं" म्हणणार तेवढ्यात मी आईला खुणेनं थांबवलं. पोरीनं निळं पातळ उचललं, आपली घडी मोडली आणि एक टोक ताईकडे धरलं. पातळाची घडी दोघांनी घालायची असते, हे तुम्हाला काय सांगू. ताईनं टोक धरलं. दोघींनी ते ताणलं, दुमडलं, आणि टोकाला टोक मिळवायला पोर चालत पुढे गेली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दर वेळी अंतर निम्मं. शेवटी दोघींचे हात एकमेकांवर आले. मी हाताकडेच बघत होतो. पोरीनं हात काढून घेतला नाही.

आता ती दहावीत आहे आणि माझ्याशी भांडते. काल विचारत होती, आजोबा कसे होते. घरी तुम्ही फार बोलत नव्हतात. ते नुसतं थकणं होतं, की आमच्यासमोरही तुम्ही काही उलगडून ठेवत होतात आणि आम्ही हात लावला नाही? हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकतो. "हाताकडं पाहा" हे आजोबांचं वाक्य, असं मी तिला सांगितलं आहे. पण तुम्ही तसं खरंच म्हणाला होतात, की फक्त माझ्याकडे बघितलं होतंत, हे मला पक्कं आठवत नाही.