कडूबाईनं नाव घेतलं

परभणी,
रविवार, २० फेब्रुवारी १९९४

प्रिय सूर्यभान,

जयभीम. तुझं पार्सल पोचून आज तेवीस दिवस झाले आणि पोच म्हणून मी साधं कार्डसुद्धा टाकलं नाही. तिकडं मनमाडला बसून तू मला चार शिव्या हासडल्या असशील. हासड. तीन पुस्तकं पाठवलीस, त्यात तळाला तुझं स्वतःचं ‘निरोप्या कोण?’, आणि सोबत चिठ्ठी, की तिन्हींबद्दल नेहमीसारखं बेधडक लिही, मित्राचं म्हणून सूट देऊ नकोस. शिवाय पहिली आवृत्ती वर्षाच्या आत संपली, दुसरी मार्चात छापायला जाते, दुरुस्त्या महिनाअखेरपर्यंत पाठवायच्यात, आणि या खेपेला पुस्तक माझ्या नावानं अर्पण करायचं तू ठरवलंयस. ‘ज्याच्या एका निरोपानं आमची माणसं वाचली, त्या उद्धवला.’ मजकूरही लिहून पाठवलास आणि खाली विचारलंस, चालेल ना? या दोन शब्दांचं उत्तर मला तेवीस दिवसांत देता आलेलं नाही. ते याच पत्रात देतो. पण आधी बाकीच्या दोन पुस्तकांचं लिहू दे. तुझ्या पुस्तकाकडं एकदम यायची माझी छाती होत नाही.

पहिलं ‘मयूरगडचा आरसा’. चारशे दहा पानं, सात राजपुत्र, एक उडता घोडा आणि खोटं बोलणाऱ्याचं तोंड न दाखवणारा एक आरसा. लेखकाकडं भाषा आहे हे कबूल, पण बियाण्यांच्या गोदामात चौदा वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला पहिला प्रश्न पडतो, की या राज्यात पेरतं कोण? सतरा मेजवान्या झडल्या, पेरणी एकदाही नाही. तुला ठाऊकच आहे, कडूबाई माझ्या घरी नांदायला आली ती अक्षरओळखीशिवाय, म्हणून रविवारी दुपारी मी मोठ्यानं वाचतो आणि ती समोर सूप घेऊन तूर नाहीतर ज्वारी निवडत बसते. माझ्या पत्रांतली निम्मी मतं तिची असतात, हेही आज सांगून टाकतो. राजकन्या पाचव्यांदा बेशुद्ध पडली तेव्हा ती म्हणाली, ‘हिला कुणी जेवू घालायलाय का न्हाई?’ यावर आणखी परीक्षण करायला काही उरलं नाही. आरशाची कल्पना मात्र चांगली होती, ती लेखकानं वाया घालवली. आरशात तोंड दिसेनासं झाल्याबरोबर त्यातला प्रधान रडत रडत सगळं कबूल करतो. असं होत नसतं, सूर्यभान. माणूस आरशात बघायचं सोडतो आणि दाढी न्हाव्याकडं करून घेतो.

दुसरं ‘एक तास मागे’. ही विज्ञानकादंबरी मी दोनदा वाचली. म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं केलेलं यंत्र, त्यात बसलं की आपल्याच आयुष्यातल्या हव्या त्या दिवसात तासभर जाता येतं, पण बोलता येत नाही, कशाला हात लावता येत नाही, फक्त बघायचं. गणितं आणि नळ्या-तारा यांची पन्नास पानं मी उडवली. तुला आवडली असतील, तू रेल्वेतला माणूस. पुढं जो तो यंत्रात बसतो आणि आईला बघून ये, बालपणीचं अंगण बघून ये, असं चालतं. अख्ख्या पुस्तकात एकालाही जावंसं वाटत नाही असा दिवस सापडत नाही. मला तिथं लेखक कच्चा वाटला. मला कुणी ते यंत्र दिलं तर मी गोदामात कुलूप लावून ठेवीन. कडूबाईनं तर पहिल्याच प्रकरणाला विचारलं, ‘नुसतं बघायला कशाला जायचं?’ मी म्हणालो, अगं, कल्पना असते ती. ती म्हणाली, ‘व्हय, पर कशाला?’ आणि मी त्या दिवशी वाचन तिथंच थांबवलं.

आपण किती वर्षं असं एकमेकांना लिहितोय याचा हिशोब मी परवा केला. शाळेत असताना वाचनालयाची वर्गणी एक आणि वाचणारे दोन. कार्ड माझ्या नावावर, पण पुस्तक निवडणार तू, कारण माझ्या हाताला नेहमी रडक्या कादंबऱ्या लागायच्या. परभणीहून गावापर्यंतच्या वाटेवर तू पुढचा अर्धा भाग फोडून टाकायचास आणि मी तुझ्यावर ढेकळं फेकायचो. आमच्या ओसरीच्या पायरीशी तू थांबायचास, वर कधी आला नाहीस. मी कधी ये म्हणालो नाही, आणि आपल्या दोघांनाही त्यात वावगं वाटलं नाही. आता मला वाटतं. अठ्ठ्याहत्तरनंतर तू मनमाडला गेलास, मी परभणीत गोदामावर लागलो आणि आपली दोस्ती टपालानं चालू राहिली. पण त्या पत्रांमध्ये काय असतं बघ. खुनी ओळखीचा निघाला, भुताचा उलगडा पटला नाही, परग्रहावरची माणसं मराठी कशी बोलतात. गावाबद्दल एक अक्षर नाही. तुला वाटत असेल, उद्धव तुझ्या जखमेला हात लावत नाही म्हणून लिहीत नाही. मी तुला तसं वाटू दिलं.

आता तुझं पुस्तक. आधी जे चांगलं ते लिहितो, आणि ते खरंच चांगलं आहे. वस्ती जळते ते प्रकरण मी एका बैठकीत वाचू शकलो नाही. राखेत सापडलेल्या ट्रंकेच्या कडीवरून तपास सुरू होतो, ही युक्ती अस्सल. इन्स्पेक्टर बन्सीधर जरा जास्त सिगारेटी ओढतो, आणि चौथ्या प्रकरणात टेबलावर ठेवलेलं त्याचं पिस्तूल पुढं कुठं गेलं ते कुणालाच माहीत नाही, तेवढं दुरुस्त कर. माणिकराव तर मी पहिल्याच ओळीला ओळखला. ते बोलण्याआधी खाकरणं, ते पानाचं देठ खुडून कानामागं ठेवणं. माझ्या काकांना, आबासाहेबांना, तू नाव बदलून जसंच्या तसं उभं केलंस. काका जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्यावर खटला उभा राहिला नाही, साक्षीला कुणी गेलं नाही, आणि न गेलेल्यांत मी होतो हे तुला माहीत आहे. त्याबद्दल तू मला कधी बोल लावला नाहीस, कारण तुझ्या हिशोबात मी त्याच्याआधी फार मोठं काम करून बसलो होतो. ते काम पान एकशे बारावर आहे.

त्या पानावर भर पावसात, गुडघाभर नाल्यातून, जिवाची पर्वा न करता माणिकरावाचा पुतण्या भुजंग पळत येतो आणि मित्राच्या दारात उभा राहून सांगतो, की दिवस बुडायच्या आत निघा. शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टर सगळ्यांसमोर जाहीर करतो, की हाच तो निरोप्या. तुला आईकडून कळलं होतं ते एवढं, की उद्धवच्या बायकोनं उद्धवचा निरोप आणला. लेखकाला गर्दी नको असते, म्हणून तू मधली बायको गाळलीस आणि भुजंगलाच पळवलंस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुझ्या रहस्यकथेचा उलगडा चुकलाय, सूर्यभान. निरोप मी पाठवला नव्हता.

ऑगस्ट महिना होता. नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला होता आणि रोज कुठली तरी बातमी येत होती. सकाळी काकांच्या ओसरीवर पंधरा-वीस जण बसले, आणि अंधार पडला की तुमच्या वस्तीवर जायचं ठरलं. मी तिथं सुपारी कातरत होतो. कुणी मला विचारलं नाही आणि मी आपण होऊन बोललो नाही. तू त्या दिवशी नोकरीच्या अर्जासाठी परभणीला गेला होतास. मला वाटलं, बरं झालं, तू तरी नाहीस. मग मी शेतातल्या आखाड्यावर, खोपीत जाऊन बाजेवर पडलो आणि वाचनालयाची कादंबरी उघडली. दुपारी कडूबाई भाकरी घेऊन आली. चहा करताना तिनंही आतून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, ‘तुमी सांगून येता का त्यांना?’ मी म्हणालो, लोक नुसते बोलतात, करत कुणी नाही, आपण मध्ये पडू नये. तुला द्यायचं दुसरं पुस्तक कोनाड्यात होतं, ते तिनं पदराखाली घेतलं आणि निघून गेली. कुठं चाललीस, असं मी विचारलं नाही. मी पुढं वाचत राहिलो. त्या कादंबरीतला खून दिवाणजीनं केलेला असतो. आज सोळा वर्षांनी माझ्या लक्षात आहे, कारण त्या दुपारी मी ती शेवटपर्यंत वाचली.

अकरा घरं जळली आणि माणसं वाचली. कुणाला तरी सुगावा लागला असेल असं काका म्हणत राहिले आणि मलाही तसंच वाटलं. दिवाळीत तुझं मनमाडहून पहिलं पत्र आलं, की तुझा निरोप वेळेवर आला, आई म्हणते उद्धव माझा दुसरा लेक. ते हातात घेऊन मी कडूबाईकडं गेलो. ती म्हणाली, ‘मी गेल्ते, पुस्तक द्यायचं निमित करून. तुमचं नाव सांगितलं. माझ्या सांगण्यावर कोण घर सोडतंय?’ तिला नवऱ्याचं नाव घेता येत नाही, तुला माहीत आहे. लग्नातला एक उखाणा सोडला तर तिनं माझं नाव कधी तोंडातून काढलं नाही. आजही रेशनच्या दुकानात विचारलं तर थोरल्या पोराला पुढं करते. त्या दिवशी ‘ह्यांनी सांगितलंय’ म्हणाली असती तर आमच्या घरातल्या चार भावांपैकी ही कुणाची बायको, असा प्रश्न आला असता. म्हणून तुझ्या आईसमोर, बायनामावशींसमोर, ती स्पष्ट म्हणाली, ‘उद्धवनं सांगितलंय.’ हे मला सांगताना ती वर म्हणाली, ‘नाव घेतलं आन खोटंबी बोलले, रागावू नका.’ काकांना कळतं तर त्यांनी तिला गावाच्या चावडीसमोर उभं केलं असतं. मला तेव्हा एवढी लाज वाटली की मी तुझ्या पत्राला उत्तर म्हणून एका भुताच्या कादंबरीबद्दल दोन पानं लिहिली. नंतर परभणीच्या फलाटावर तू मला सगळ्यांदेखत मिठी मारलीस. तेव्हाही मी गप्प राहिलो. आणि खरं सांगतो, मला ती मिठी हवीहवीशी वाटली होती.

तुझ्या अर्पणपत्रिकेला मी आठ दिवसांपूर्वीच उत्तर लिहिलं होतं, ‘चालेल, ऋणी आहे’ असं. पाकिटाला तिकीट लावून ठेवलं होतं. मग गेल्या रविवारी तुझं पुस्तक वाचायची पाळी आली. ती पानं गाळावीत असं मनात होतं, पण ती मागचं-पुढचं जोडून विचारते, तिला फसवता येत नाही. पान एकशे बारा मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिचं काम माझ्या नावावर, पावसासकट. ती निवडतच राहिली. म्हणाली, ‘चांगलं लिव्हलंय. पर पाऊस न्हवता त्या दिशी. लय ऊन व्हतं.’ एवढंच बोलेल असं वाटलं. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, ‘बायनाबाईनं मला ऊन लागलंय म्हणून पाण्याचा तांब्या पुढं केला व्हता. त्यांच्या घरचं पेयाचं न्हाई, आसंच शिकलेलो ना आमी. माझा हात पुढं झाला न्हाई. तहान लय लागली व्हती, तरी मी न्हाई पेले. त्यांनी तांब्या खाली ठेवला आन मला दारापातूर सोडाया आल्या. तेवढं मनात राह्यलंय.’ सोळा वर्षं मी समजत होतो, की या घरात त्या दिवसाचं ओझं मी एकटा वाहतोय. आणि जिनं सगळं केलं, ती एका न प्यायलेल्या पाण्यासाठी स्वतःला दोष देत बसली होती. तिनं मला आजवर एकही पत्र लिहायला सांगितलेलं नाही. गेल्या रविवारी सांगितलं: ‘बायनाबाईला इचारा, मी आले तर आता पाणी देताल का?’ हे पत्र मी धीर करून लिहिलं असं समजू नकोस. तिचं विचारणं तुझ्या आईपर्यंत पोचवायचं तर ती त्या दुपारी तिथं का आणि कुणाच्या सांगण्यावरून गेली हे लपवता येत नाही, म्हणून लिहिलं. पहिलं पाकीट मी चुलीत टाकलं. माझं नाव काढून टाक. तिथं कुणाचं घालायचं, की पान कोरं ठेवायचं, ते तू आणि तुझी आई ठरवा. मला उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस, पण मावशींचं उत्तर कडूबाईच्या नावानं पाठव. ते जसं असेल तसं, एक शब्दही न बदलता, मी तिला वाचून दाखवीन.

तू ठेवशील तर तुझाच,
उद्धव