नळावरचा ठराव

दि. ५ ऑगस्ट

ती. आत्यास,
चिंगीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. आधी कान धरते, मग बातमी सांगते. यंदा मला चौथीचा वर्ग मिळाला आणि वर नागरिकशास्त्रही माझ्याच गळ्यात पडलं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत हा विषय म्हणजे कुणालाच नको असलेलं मांजर आहे. दर वर्षी नव्या बाईंच्या दारात नेऊन सोडतात. पुस्तक बारकं. मुलं ते आठवड्यात पाठ करून मोकळी होतात. नागरिक म्हणजे कोण, असं विचारलं की एका सुरात व्याख्या म्हणतात, आणि सूर विरायच्या आत शेजारच्याचं खोडरबर पळवतात.

म्हणून मी पुस्तक मिटलं आणि शनिवारचा शेवटचा तास वर्गसभेला दिला. बाकं भिंतीला सारतो, फरशीवर गोल करून बसतो. हजेरीच्या क्रमाने दर आठवड्याला नवा सभापती. वर्गाचे नियम वर्गाने करायचे, हात वर करून, आणि मलाही हात एकच. फक्त एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगून टाकली: झालेला ठराव पुन्हा चर्चेला काढायचा असेल तर ज्याने त्याच्या बाजूने हात वर केला होता, त्यानेच काढायचा. नाहीतर हरलेली मंडळी दर शनिवारी तेच रडगाणं घेऊन बसतील.

आज पहिला मोठा ठराव झाला. वऱ्हांड्याच्या टोकाला पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. बाटल्या भरताना मुलं सांडतात आणि फरशीचा साबण होतो. परवा दुसरीतलं एक लेकरू घसरलं, हनुवटीला टाके पडले. आमच्या वर्गात एक भोंगा आहे. हे नाव त्याच्या आवाजावरून सगळ्या शाळेने ठेवलंय. तो उठला आणि म्हणाला की जो पाणी सांडेल त्याने रांगेच्या शेवटी जायचं, मग ते कुणी का असेना, बाईसुद्धा. भराभर हात वर गेले. माझाही गेला. खाली राहिला तो एकच, खिडकीशी बसणाऱ्या मुंगीचा. ती फारसं बोलतच नाही, म्हणून मीही काही विचारलं नाही.

आत्या, नऊ वर्षांची पोरं दुसरीतल्या मुलाच्या हनुवटीसाठी स्वतःवर नियम घालून घेतात! मला तर शाळा सुटेपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते.

तुझा लोभ आहेच. रागावलीस तरी त्या लोभातूनच रागाव.

तुझी,
चिंगी

&nbsp;

दि. ९ ऑगस्ट

चि. चिंगीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद. माझे गुडघे सोडले तर इकडे सगळं क्षेम.

तुझं पत्र ह्यांनी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. पंक्चर काढायला आलेले दोघे-तिघे सायकली टेकवून ऐकत बसले. एकाने विचारलं, ही पोरं आमच्या इमारतीच्या कमिटीवर मिळतील का. मी म्हटलं, आधी चौथी पास होऊ देत. मग आठवलं, आपलीही मजल चौथीपर्यंतच. तुझी चौथी चालू आणि माझी चौथीवर बंद, अशी आपली जोडी.

बाकी भोंग्याने झकास काम केलं. नियम कसा, तर सगळ्यांना सारखा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे जिथे चालतं तिथे नियमाचं भजं होतं. पाणी सांडलंस, जा मागे. सोपं, सरळ, ना मारणं ना ओरडणं. मला तर यात खोट काढायला जागा दिसत नाही, आणि खोट काढण्यात तुझी आत्या मागे राहत नाही हे तू जाणतेस.

एकच सांगते. हवेत पाय ठेवून चालू नकोस, वऱ्हांड्याची फरशी ओली आहे असं तूच लिहिलंस. जेवण वेळेवर कर. ह्यांना तुझ्या हेडसरांचा स्वभाव कसा आहे ते हवंय. म्हणतात, वर्गातली लोकशाही हेडमास्तरच्या खोलीपर्यंत गेली की कळते.

माया आहे ती आटायची नाही. पत्रं आटू देऊ नकोस.

तुझी,
आत्या

&nbsp;

दि. २१ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खोट निघाली, आत्या. तुलाही दिसली नाही आणि मलाही.

मुंगीच्या डाव्या हाताला जन्मापासून जोर नाही. उजव्याने बाटली धरली तर नळ कोण फिरवणार, आणि नळ फिरवला तर बाटली कोण धरणार? ती बाटली छातीशी दाबून धरते, आणि तळ भरायच्या आत थोडं सांडतंच. पोरं दुष्ट नाहीत. नियम म्हणजे नियम, म्हणून तिला अगदी आदराने शेवटी पाठवतात. शेवटी पोचते, पुन्हा सांडतं, पुन्हा शेवटी. तेवढ्यात घंटा. दोन आठवडे हे चाललं. ती कुणापाशी बोलली नाही. घरी जाऊन घटाघट पाणी पिते हे तिच्या बाबांच्या लक्षात आलं आणि ते थेट हेडसरांकडे गेले.

हेडसरांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, मुलांच्या हाती कारभार दिला की असं होतं. नळावर शिपाई उभा करू आणि सभा बंद करू. मी मुदत मागितली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते स्वतः सभेला येऊन बसणार आहेत. तोवर मुलांनी हे निस्तरलं नाही, तर वर्गसभा संपली.

आता माझी अडचण बघ. ठराव पुन्हा काढायचा हक्क ज्याने हात वर केला त्याला. मुंगीचा हात खाली होता. म्हणजे ज्या एका मुलीला तो टोचतो, तिलाच तो काढता येत नाही. ही माझीच अक्कल. मी तिला म्हटलं, तुझी बाटली मी आमच्या खोलीतून भरून आणत जाईन. तिने मान हलवली आणि विचारलं, मग मी रांगेतली नाही का. तेव्हापासून ती घरून मोठी बाटली आणते. दप्तर तिच्यापेक्षा जड झालंय.

मी स्वतः ठराव काढू शकते, माझा हात वर होता. की सरळ रद्दच करून टाकू? तू काय करशील ते लिही. गोड बोलू नकोस.

लोभ असू दे. आत्ता त्याची गरज जास्त आहे.

तुझी,
चिंगी

&nbsp;

दि. २५ ऑगस्ट

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

गोड बोलायचं नाही तर नाही. मी नियमाची वाहवा केली ती मागे घेते. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि मी इथे बसून टाळ्या वाजवल्या. ह्यांनी तेवढ्यापुरता मला टोमणा मारायचा सोडला, यावरून समज.

आता ऐक. रद्द करू नकोस. केलास तर पोरं एवढंच शिकतील की नियम आपले, पण खोडरबर बाईंचं. तू स्वतः काढलास तरी तीच गत. तुझ्याकडे बघून पोरं हात वर करतील. ते चाळीस हात नव्हेत, एकच हात चाळीस वेळा.

मला एक सुचतं. सगळ्यांना नळावर ने आणि डावा हात पाठीमागे धरून बाटली भरायला लाव. स्वतःच्या अंगावर आल्याशिवाय कुणाला कळत नाही. हे मी उंटावरून शेळ्या हाकते आहे, तुझ्या शेळ्या तुला माहीत. पण करून बघ.

आणि त्या पोरीची कीव करू नकोस. जी रांगेतली जागा मागते तिला खांद्यावर घेऊन नाचवायला गेलीस तर ती उतरूनच जाईल. हेडसरांची भीती धरू नकोस. ज्याने मुदत दिली त्याने दार पुरतं लावलेलं नसतं.

इकडची काळजी नको, तिकडची मी करतेच आहे.

तुझी,
आत्या

&nbsp;

दि. ४ सप्टेंबर

ती. आत्यास,
चिंगीचा शि. सा. न. वि. वि.

तुझा सल्ला सपशेल आपटला, आणि त्याच्यामुळेच सगळं झालं. आता याला काय म्हणायचं ते तू ठरव.

गुरुवारी छोट्या सुट्टीच्या आधी सगळ्यांना नळावर नेलं. डावा हात मागे. पोरांना वाटलं खेळच आहे. खिदळणं, बाटल्या घरंगळणं, वऱ्हांड्यात तळं. एकाने मुंगीसारखं बाटली छातीशी धरून दाखवलं आणि बाकीचे हसले. मुंगीचं तोंड उतरलं. आपण त्या पोरीचा हात सगळ्यांसमोर मांडून ठेवला, आत्या, तू आणि मी. तिने खुंटीवरचं फडकं ओढलं, पायाखाली घेतलं आणि पायानेच सरकवत तळं पुसायला लागली.

हसणं थांबलं, पण खरी गंमत पुढेच. भोंग्याच्या ध्यानात आलं की आज प्रत्येकाने सांडलंय, म्हणजे प्रत्येकाने शेवटी जायचं. त्याने तसं जाहीर केलं, पार पहिलीच्या वर्गापर्यंत ऐकू गेलं. सगळे शेवटी गेले. सगळेच शेवटी, मग पुढे कोण? रांग वळत वळत स्वतःच्याच शेपटाला लागली. कुणी म्हणालं, जाऊ दे ना, आजच्यापुरतं सोडू. भोंगा ऐकेना. मुंगीसाठी नाही सोडला तर आपल्यासाठी कसा सोडायचा, असं त्याने विचारलं. हे बोलल्यावर त्याने वळून मुंगीकडे पाहिलं. मीही त्या रांगेत होते, मीही सांडलं होतं. घंटा झाली. मोठी सुट्टी होईपर्यंत कुणाच्या घशाखाली थेंब गेला नाही. कविता शिकवताना माझा आवाज फाटत होता आणि पोरं माझ्याकडे हिशेब चुकल्यासारखी बघत होती.

शनिवारी हेडसर आले, मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. भोंगा उठला. त्याचा हात वर होता, म्हणून ठराव त्याने काढला. बोलला हळू, असा आवाज त्याच्याकडे आहे हे मला पहिल्यांदा कळलं. म्हणाला की नियम फरशीसाठी होता आणि आपण तो माणसांवर लावला. मग मुंगीने हात वर केला. तिचं म्हणणं असं की जो सांडेल त्याने तिथल्या तिथे पुसायचं, जागा मात्र त्याचीच. फरशी कोरडी आणि रांग तशीच. एकाने दयाळूपणे सुचवलं की मुंगीला पुसण्यातून सूट द्यावी. हेडसरांनीही खुर्चीतून त्या सुटीच्या बाजूने हात वर केला. सभापती, म्हणजे दोन वेण्या घालणारी एक कार्टी, त्यांना म्हणाली की सर, तुमचं नाव आमच्या हजेरीत नाही. सरांनी हात खाली घेतला, आत्या. मी छताकडे बघत राहिले. सूट नको म्हणून खुद्द मुंगीनेच हात वर केला आणि ती सूचना पडली. तिचा ठराव पास झाला. पुसायचा कंटाळा असलेले चार-पाच विरोधात, ते असायचेच.

मला वाटलं संपलं. पण मुंगी बसेना. तिने विचारलं, ज्याने हात वर केला त्यानेच ठराव काढायचा, हा ठराव कुठल्या शनिवारी झाला होता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाला आठवेना, कारण तो झालाच नव्हता. तो मीच पहिल्या दिवशी सांगून टाकला होता. मुंगी म्हणाली, मग आज हात वर करून बघू, आणि ज्याला नियम टोचतो त्यालाही तो काढता यावा असं आपण लिहू. मला मत विचारलं. मी हात वर केला, तिच्या बाजूने. चाळीस जणांत माझा हात किती छोटा आहे ते मला त्या दिवशी नीट दिसलं आणि फार बरं वाटलं.

हेडसर खुर्ची जागेवर ठेवून गेले. आज सकाळी नळाशेजारी एक नवा दांड्याचा पोछा टांगलेला होता, पोरांचा हात पोचेल इतक्या खाली. सभेचं काय, हे मी विचारलं नाही. त्यांनीच जाता जाता सांगितलं की पुढच्या शनिवारी पाचवीच्या बाईंनाही बसायचं आहे.

छोट्या सुट्टीत मी वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होते. मुंगीचा नंबर आला, पाणी सांडलं. तिने पोछा काढला, सावकाश पुसलं, पुन्हा जागेवर टांगला आणि उरलेली बाटली भरायला घेतली. रांग कुरकुरायला लागली, सगळ्यात जोरात भोंगा. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. तिथेच उभी राहून ती पोटभर प्यायली.

ह्या पत्राचं उत्तर लगेच नको. आधी काकांना दुकानात मोठ्याने वाचू दे. लोभ आहे तसाच चालू ठेव, त्यावर मतदान घेऊ नकोस.

तुझी,
चिंगी