भावाच्या दुकानातली परचेस मॅनेजर

३ फेब्रुवारी
दादाशी बोलणं बंद आहे. वहिनीच्या भावाला, पंकजला, त्याने दुकानात भागीदार करून घेतलं आणि मला ते कळलं पेढे वाटले तेव्हा. अकरा वर्षं नागपूरच्या इतवारी बाजारातल्या या भांड्यांच्या दुकानात माल मी घेते, तपासते, खराब निघाला की परत पाठवते, कारखानदारांशी भांडते. भागीदार कोण, तर पंकज, जो परवापर्यंत मोबाइलची कव्हरं विकत होता.
म्हटलं, मला निदान विचारायचं तरी. दादा म्हणाला, "तू तं घरचीच आहे. तुले काय विचारायचं त्याच्यात?"
घरची. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हाही हाच शब्द होता. तेव्हा गोड वाटला होता.

५ फेब्रुवारी
संध्याकाळी मैत्रिणीकडे, रजनीकडे. ती हॉस्पिटलात नोकरभरतीचं काम बघते, दिवसभर लोकांच्या प्रोफाइल वाचते. तिनेच नोकरीच्या साइटवर माझी उघडून दिली. नावाखाली एक ओळ लिहायची असते, हेडलाइन. म्हणे लोक तेवढंच वाचतात. मी लिहिलं: "मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी, योग्य संधीच्या शोधात."
रजनी म्हणाली, हे वाचून मी पुढच्या नावावर जाते. सारेच प्रामाणिक असतात. तुला काय हवं ते नको, तू काय करते आणि कशात करते ते लिही. मी म्हटलं, दुकानात बसते.
"बसते? मंग उठून पाह्य एक दिवस, काय होते त्या दुकानाचं."
माझ्यावरच चिडली. बरं वाटलं.

६ फेब्रुवारी
"दुकान सहायक." खोडलं. "खरेदी पाहते." खोडलं. शेवटी टाकली एकदाची:
परचेस मॅनेजर, स्टील-तांबे-पितळ भांडी, होलसेल, ११ वर्षे, नागपूर.
लिहून झाल्यावर मागे वळून बघितलं, कुणी वाचत तर नाही ना. स्वतःचाच राग आला. चोरी केली होती का?
पुढे सध्याचा पगार विचारला आहे. राखीला साडी, दिवाळीला साडी, असा पर्याय त्यात नाही.

९ फेब्रुवारी
सकाळीच भंडाऱ्याहून पितळवाल्या काकांचा फोन. "ताई, दुकान बंद करून राहिले का तुम्ही लोकं?" त्यांच्या मुलाने माझी ओळ पाहिली. जी बाई माल घेते तीच नोकरी शोधते म्हणजे दुकान बुडालं, बाजाराला एवढं पुरतं. मी नाही नाही म्हटलं, पण दुपारपर्यंत गल्लीभर झालं. चहाच्या टपरीवर दादाला दोघातिघांनी विचारलं, एकाने तर कुणी गेल्यासारखा खांद्यावर हात ठेवून.
गंमत अशी की मी स्वतःला मॅनेजर म्हणवलं याचं बाजारात कुणालाच नवल वाटलं नाही. नवल फक्त घरी.
जेवताना वहिनी: "बसल्या जागी सारं भेटते, तरी बाईले मिरवाचं आहे."
दादा: "पुसून टाक ते. मॅनेजर म्हने. हातभार लावते असं लिही."
ताट तसंच ठेवून उठले. भरीत होतं, तेही सोडलं.

१० फेब्रुवारी
लिहिलं. त्याच्याच शब्दांत. "भावाच्या दुकानात हातभार." बघू तर खरं.

१२ फेब्रुवारी
दोन फोन आले. मनीषनगरात एका आजींना सांभाळायला बाई हवी आहे. दुसऱ्याने विचारलं, डबे करून देता का.
रजनीला सांगितलं. हसली नाही, शिव्या घातल्या. मला आणि दादाला, दोघांनाही. दुकानात दादासमोर बसूनच जुनी ओळ परत टाकली. त्याला मोबाइल दाखवला. त्याने पंकजला हाक मारली आणि उगीचच कढया मोजायला लावल्या.

१७ फेब्रुवारी
हिंगण्याच्या एमआयडीसीत मुलाखत. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांना भांडी पुरवणारी कंपनी. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तासभर विचारलं आणि मला सगळं येत होतं. असं कुणी मला कधी विचारलंच नव्हतं. बाहेर येऊन उसाचा रस प्यायले, दोन ग्लास.
पण पगाराची चिठ्ठी नाही, अनुभवाचा दाखला नाही. बाई म्हणाल्या, मग तुमच्या मालकांशी एकदा बोलते. दुकानाचा नंबर दिला. दुसरा कुठला देणार?
घरी येऊन दादाला सांगितलं. तो चपला काढत होता. "येऊ दे फोन. सांगतो मी काय ते."
भीती वाटते आहे. ही नोकरी मला हवी आहे, मनापासून हवी आहे, आणि ती आता त्याच्या जिभेवर आहे. इतका द्वेष मी कुणाचा केला नाही. नवऱ्याचाही नाही.

२० फेब्रुवारी
आला. दुकानाचा फोन माझ्याच टेबलावर, म्हणून मीच उचलला. मालकांना द्या म्हणाल्या. दिला. समोर लग्नाची खरेदी करणारं गिऱ्हाईक, पंकज शिडीवर.
दादाने रिसीव्हरवर हात ठेवला. "काय करते तू, असं विचारून राहिल्या त्या बाई. काय सांगू?"
मी म्हटलं, तूच सांग.
हातभार, हातभार, आता म्हणेल. दात आवळून उभी राहिले. पण तो माझ्यावर चिडला होता आणि चिडून बोलत सुटला. "काय करते म्हंजे? सारं हिच्याच हातात आहे. माल हेच घेते, वापस हेच पाठवते. भंडाऱ्याचे लोकं माह्याशी बोलतच नाही, ताईले द्या म्हणते. भाव हिले मालूम, मले नाही. असं करून ठेवलं आहे हिनं."
तक्रार करत होता. अकरा वर्षांत माझ्याबद्दल इतकं चांगलं तो कधी बोलला नव्हता. पलीकडून काहीतरी विचारलं, बहुतेक कधी मोकळं कराल. दादा म्हणाला, "नाही सोडत," आणि फोन आपटला.
गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं. रडू येत होतं, येऊ दिलं नाही. त्याची दया यायला हवी होती का? नाही आली.

२२ फेब्रुवारी
कंपनीकडून काही नाही. रजनी म्हणते अशी शिफारस मागून मिळत नाही. पण 'नाही सोडत' ऐकून लोक मागेही सरतात, हेही तीच म्हणते.
दुकानात गेले तर फोन दादाच्या गादीजवळ, वायर ताणून नेलेला. दुपारी वाजला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याने उचलला, ऐकलं आणि तोंड दुसरीकडे करून रिसीव्हर माझ्यापुढे धरला.
"भंडाऱ्यावाले आहे. तुले मागून राहिले."
मी म्हटलं, पंकजला दे, भागीदार आहे.
पर्स घेतली आणि चहाला म्हणून बाहेर पडले. दादाने मागून नावाने हाक मारली, एकदा, मग परत एकदा. मी चालत राहिले.