वयानुसार बदल

२ फेब्रुवारी
सासूबाईंना अखेर माझ्या टेबलावर आडवं केलं! दवाखान्यात रोज लोकांचे कार्डिओग्राम काढते, आज यांचा. छातीला वायरी चिकटवल्या, म्हटलं, हलू नका. मुकाट पडून राहिल्या. पट्टी छान निघाली. डॉक्टरांनी एक नजर टाकून नेहमीचं लिहिलं — ‘वयानुसार बदल’. आमच्याकडे याचा अर्थ एवढाच, की काही झालेलं नाही, पुढचा पेशंट पाठवा.

घरी आल्यावर म्हणाल्या, "म्हणजे काय गं?"

मी आधी पाणी प्यायले. मग सांगितलं, "म्हणजे बदल झालाय, आई."

३ फेब्रुवारी
एक अक्षर खोटं बोलले नाही. हृदयाच्या स्नायूतल्या पेशीत दर ठोक्याला वीज उसळते, मग पेशीला पुन्हा तयार व्हायला जरा वेळ लागतो. वय वाढलं की तो वेळ लांबतो, वीज पुढे सरकायलाही उशीर होतो. सगळ्यांचंच असं होतं — एवढं वाक्य तेवढं गिळलं.

"आणि तयार व्हायच्या आत पुढचा ठोका आला तर?"

मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक! लग्न झाल्यापासून या बाईनं मला चारचौघांत ‘वायरवाली’ म्हटलंय. माहेर काढलंय. बसा आता नाडी चाचपत.

५ फेब्रुवारी
सकाळचं फिरणं बंद. जिना बंद. टोमणे बंद. काय शांतता!

१२ फेब्रुवारी
सासूबाईंच्या मैत्रिणी फिरायला बोलवायला आल्या होत्या. बाईसाहेबांनी आतूनच सांगितलं, "माझी वीज मंदावलीये." स्वयंपाकघरात मला हसू आवरेना.

२८ फेब्रुवारी
खुर्चीतून उठताना पाय लटपटतात. बसून बसून होणारच ते. जेवण निम्म्यावर आलंय. नवरा आईच्या खोलीत झोपतो, माझ्याशी धड बोलत नाही. अंघोळ घालायला मीच. नुसती हाडं लागतात हाताला. किळस येते — आणि आता भीतीही वाटते. खरंच काही झालं म्हणजे?

६ मार्च
नवऱ्यानं मोठ्या डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी पट्टी पाहिली, छाती तपासली. "आजी, हृदय ठणठणीत आहे. पाय धरलेत ते बसून राहिल्यामुळे. उद्यापासून चालायला लागा." नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी दूध बघायला आत पळाले.

पण सासूबाई! डॉक्टरांची पाठ वळताच लेकाला म्हणाल्या, "डॉक्टर धीरच देणार रे. हिला माझं काय पडलंय? म्हणून हिनं खरं ते तोंडावर सांगितलं."

८ मार्च
ताट तसंच परत.

९ मार्च
आज त्यांचे पाय धरले. सगळं सांगितलं — आई, मी मुद्दाम घाबरवलं, सूड उगवला, तुम्हाला काहीही झालेलं नाही. बोलता बोलता रडू फुटलं. खरंखुरं.

त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले. म्हणाल्या, "तूसुद्धा माझं मन राखायला लागलीस? म्हणजे आता फार दिवस नाहीत माझे."