दीप्तीची मध्यस्थ

प्रिय जया,

तुझ्या भाचीचा घटस्फोट झाला. ही बातमी मी मान खाली घालून देईन असं तुला वाटेल, पण मी छाती फुगवून देतोय. वय सत्तर झालं तरी माझी मिजास गेलेली नाही, हे तू जाणतेसच. फक्त या वेळी ती माझी नाही, माझ्या लेकीची आहे.

दीप्ती आणि अश्विनचं पटत नाही हे कळलं तेव्हा मी तिला न विचारताच कवडूजींना मध्यस्थ नेमून मोकळा झालो. तीस वर्षं वस्तीतल्या प्रत्येक बैठकीला आम्ही दोघं जोडीनं बसलो. विहाराचा हॉल ठरवला, चहा-चिवडाही सांगून ठेवला. दीप्तीनं कवडूजींना घरी जाऊन नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, तुमी मले कडेवर घेऊन फिरवलं, म्हणूनच तुमी नका बसू. तुमी माह्याच बाजूनं बोलान, मंग अश्विनच्या बाजूनं कोण बोलन?" मी घरी येऊन खूप तणतणलो. जिच्याशी भांडण आहे त्या नवऱ्याची एवढी काळजी काहून, ते मला कळेना. कवडूजी मात्र हसून म्हणाले, "नत्थू, पोरगी आपल्याहून शहाणी निघाली गा."

मग ती आणि अश्विन दोघं मिळून मध्यस्थ शोधायला निघाले. हो, दोघं मिळून! एका वकिलांनी सांगितलं, माझ्याकडे आलेली बहुतेक जोडपी परत नांदायला गेली. मीही सोबत गेलो होतो, मला माणूस पसंत पडला होता. दीप्ती उठली. म्हणाली, यांना निकाल आधीच ठाऊक आहे. शेवटी सीताबर्डीला सुहासिनीबाई भेटल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की मी दोघांशी आधी वेगवेगळं बोलेन, दोघांना काय हवं ते विचारेन आणि घरच्या मंडळींनी बाहेर बसायचं. दोघांनीही तिथेच होकार दिला.

तर मी बाहेर बसलो. चार वेळा गेलो आणि चारही वेळा बाकावर, अश्विनच्या वडिलांशेजारी. आतून एकदाही वरचा आवाज आला नाही. शेवटच्या दिवशी अश्विननं स्वतः तिच्या पुस्तकांची खोकी गाडीत ठेवली. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. माझ्या पोटची पोर आहे हे चार लोकांना ओरडून सांगावंसं वाटलं बघ.

पण त्या बाकावर बसून मला दुसरीच बैठक आठवत राहिली. तुझी, तू सासरहून निघून आलीस तेव्हाची. आम्ही पाच पुरुष सतरंजीवर, तू आत चहा करत होतीस. जावईबापूंचा हात उठतो, हे आईनं मला सांगितलं होतं. तरी मीच आत येऊन म्हणालो, कपडे भर, ठरलं. तू कपबशा विसळल्यास आणि पिशवी घेऊन निघालीस. बहिणीचा मोडता संसार सावरला म्हणून कितीतरी वर्षं मी ती गोष्ट लोकांना सांगत फिरलो. आता लाज वाटते, जया.

फोनवर जावईबापू शेजारीच असतात, म्हणून हे पत्र दीप्तीच्या हाती पारशिवनीला पाठवतोय. ती तुझ्याशी एकटीशी बोलेल, मी मुद्दामच आलेलो नाही. तुला तिथे राहायचं आहे का? चौतीस वर्षांपूर्वी हे विचारायला हवं होतं, ते आज विचारतो. आता या वयात काय, असं म्हणून टाळू नकोस. राहायचं असेल तर रहा, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नसेल तर दीप्ती गाडी घेऊनच आली आहे, आणि तुझ्या वहिनीनं सकाळपासून दोनदा विचारलं, जया अजून तिखट खाते का म्हणून.

तुझाच,
नत्थूदादा