जीप न पाठविण्याबद्दल आणि लस पायी पाठविण्याबद्दल

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारीसाहेब,
प्राथमिक आरोग्य केंद्र, वाघजाईवाडी,
तालुका मुळशी, जिल्हा पुणे.

अर्जदार: सारजाबाई नथू वाळंज, राहणार करंजवस्ती, मुठा खोरे.

विषय: आदर्श लहान कुटुंबाचा सत्कार रद्द करून वस्तीवरील लेकरांना लस मिळणेबाबत.

संदर्भ: आपले सत्काराचे निमंत्रण.

मेहेरबान साहेब,

अर्जदार बाईंना लिहिता येत नाही. त्या सांगतात आणि खाली सही करणारा किराणा दुकानदार हाफीज मुलाणी लिहितो. बाई आज फार संतापलेल्या आहेत. त्यांचे काही शब्द सरकारदरबारी शोभणारे नसल्याने गाळले आहेत, बाकीचे जसेच्या तसे आहेत.

आपल्या निमंत्रणात असे की, एका अपत्यावर नसबंदी स्वखुशीने करून घेतल्याबद्दल नथू वाळंज व सारजाबाई यांचा येत्या सोमवारी खण-नारळ देऊन सत्कार होईल. त्यांनी अपत्यासह तयार राहावे. केंद्राची जीप त्यांना न्यायला येईल आणि त्याच खेपेत वस्तीवरच्या मुलांना त्रिगुणी लस टोचली जाईल.

यातील 'स्वखुशीने' हे साफ खोटे आहे. सन १९७६ साली नथू कोंबड्या विकायला आठवडे बाजाराला गेले असता त्यांना याच जीपमध्ये घालून नेले. संध्याकाळी ते वाकून चालत घरी आले, हातात वनस्पती तुपाचा डबा. बाईंनी तो डबा उकिरड्यावर भिरकावला. तेव्हा मांडीवर भिकू एकटाच होता. पुढे दुसरे मूल होणार नाही हे बाईंना शेजारणीकडून कळले, कारण नवऱ्याला ते सांगायची हिंमत झाली नाही.

वास्तविक सुईशी वस्तीचे कधीच वैर नव्हते. सासूबाई गोजराबाईंची थोरली दोन लेकरे देवीच्या आजाराने गेली. नंतर देवी टोचणारे भिवाजीराव डोंगर चढून पायी येऊ लागले. ओट्यावर टेकायचे, ताक प्यायचे, पोरांची नावे विचारायचे आणि मग दंड धरायचे. पोरे बोंबलायची, आया हसायच्या. त्यानंतर गोजराबाईंचे एकही लेकरू देवीने गेले नाही. भिवाजीराव निवृत्त झाले, देवीचा आजारही हटला आणि त्यांच्या जागी जीप आली. सरकारला याला सुधारणा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

सन १९७९ मध्ये बालक वर्षाचा कापडी फलक बांधून तीच जीप वस्तीवर आली. आत घटसर्पावरची त्रिगुणी लस होती, पण ते कोणाला ठाऊक? हॉर्न ऐकताच बाप्ये रानात पळाले, आयांनी पोरे लपवली. बाईंनी भिकूला भाताच्या रिकाम्या कणगीत उतरवले, वरून पोते टाकले आणि बजावले, "आवाज करू नगंस." लेकरू गुणी. त्याने हूं की चूं केले नाही. आपली माणसे हाका मारून दमली आणि 'वस्तीचा नकार' असे ठरवून निघून गेली. बाई म्हणतात, "जीप तीच, मानूस त्योच. मग ही सुई येगळी हाय, ह्ये आमी कशावरनं वळखायचं?"

त्याच वर्षी दिवाळीआधी भिकूला घटसर्प झाला. गळा सुजला, श्वास घरघरू लागला. नथूंनी त्याला पाठीवर घेऊन आपले केंद्र गाठले, बाई मागून धावत. पुण्याला न्यायला जीप नव्हती. ती नसबंदी शिबिरासाठी माणसे आणायला गेली होती. लेकरू आपल्या केंद्राच्या ओसरीवरच गेले. तेव्हा साहेब, आपणच बाईंना विचारलेत की लस का टोचून घेतली नाही. त्याचे उत्तर वर लिहून दिले आहे.

आता 'अपत्यासह' याविषयी. बाई विचारतात, "पोर वढ्याकाठी पुरलंय. उकरून आनू का?" हे वाक्य ठेवावे की गाळावे, मला सुचेना. ठेवले आहे. मलाही तीन लेकरे आहेत.

साहेब, पलीकडच्या वाडीत गेल्या आठवड्यात घटसर्पाने एक मूल दगावले. त्या दिवसापासून बाई दारोदार फिरतात. "माजं बगा आन् शान्या व्हा, सुई टोचून घ्या," म्हणून आयांच्या पाया पडतात. बहुतेक जणी कशाबशा तयार झाल्या आहेत. धाकटी जाऊ धोंडाबाई, तिची पोर अजून पाळण्यात आहे, ती म्हणते, "सुई चालंल. पन जीप दिसली की म्या पोरीला घिऊन रानात जानार." ती एकदा पळाली की मागोमाग सगळ्या पळतील, आणि आपण पुन्हा नकार लिहून मोकळे व्हाल.

तरी विनंती की, जीप डांबरी सडकेवरच थांबवावी. नर्सबाईंनी पायी वर यावे. बर्फाची पेटी बाई स्वतः डोक्यावर घेतील, चुलीवर भाकरी तयार असेल, पोरांचे दंड त्या स्वतः धरतील. सत्कार नको. खण नको, नारळ नको.

एवढे कळवूनही जीप वस्तीकडे वळलीच, तर बाई ओढ्यावरच्या फरशी पुलावर आडव्या झोपणार आहेत. नथूंनी समजावले, मी समजावले, त्या ऐकत नाहीत. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवावे.

नर्सबाईंच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
सारजाबाई नथू वाळंज (डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार: हाफीज कमरुद्दीन मुलाणी
दिनांक: ८ ऑक्टोबर १९८१

सोबत: आपले निमंत्रण, परत.