खुर्चीचं कार्ड

दि. ६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, रागावू नकोस. हॉस्पिटलात आमचे दोन वॉर्ड एकत्र केले. खाटा दोन्हीकडच्या, माणसं एकाच वॉर्डाची. आमची बसायची छोटी खोलीसुद्धा यंत्रं ठेवायला गेली. मी इन्चार्ज, म्हणून सगळ्यांच्या रागाची धनीण मीच. तिघींनी राजीनामे आणून हातात दिलेत. मी ते पुढे न पाठवता खणात दडपून ठेवलेत. मेट्रनबाईंनी बजावलंय, की महिनाअखेरपर्यंत काय बदल करणार ते सांगा, नाहीतर वॉर्ड बंद करून सगळ्यांना जागा मिळेल तिथे पांगवू. वीस वर्षं जमवलेली माणसं आहेत रे ही. त्यांना विचारावं तर एकच उत्तर मिळतं, की ठीक आहे सिस्टर, काही नाही.

तू चित्रांची कार्डं घेऊन ऑफिसं पालथी घालतोस आणि लोकांच्या मनातलं काढून घेतोस, म्हणून मी तुला ज्योतिषीबुवा म्हणत आले. आता ती पोतडी इकडे पाठव. तुझे भावोजी गुडघा चोळत तुझी आठवण काढतात. बुद्धिबळात हरवायला त्यांना दुसरं कोणी मिळत नाही.

लोभ आहेच, त्यात जरा घाई मिसळ.

तुझी,
ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ज्योतिषीबुवांनी पोतडी पाठवली आहे. चित्रं टेबलावर पसर. पहिल्या फेरीत प्रत्येकीने आत्ता जसं वाटतंय तसं चित्र उचलायचं, वाटलं तर बोलायचं. दुसऱ्या फेरीत काय झालं तर बरं वाटेल, त्याचं चित्र. मग त्या दोन चित्रांमधल्या अंतरातला एकच लहान तुकडा धरायचा आणि तेवढंच बदलायचं. सगळं जग सुधारायला निघालीस तर काहीच होणार नाही.

खरं सांगू, हल्ली माझाच यावरचा विश्वास उडालाय. लोक मन मोकळं करतात, साहेब फोटो काढून घेतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा मलाच बोलावतात. तेच तेच बोलून जीभ जड झालीय. पण तू साहेब नाहीस, तेव्हा करून बघ.

घटस्फोटाचे कागद एकदाचे हातात आले. नवी खोली शांत आहे. तिकडे यायला जमत नाही, आणि तुमच्या दारातला चपलांचा ढीग ओलांडायची हिंमतही नाही. मागच्या खेपेला भावोजींच्या बुटात अडकून तोंडावर आपटणार होतो. मी मजेत आहे.

ओरडत जा, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
टिल्लू

दि. १६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस, अनेक आशीर्वाद.

तुझी कार्डं खोटं बोलतात. चादरींच्या खोलीत घडीच्या टेबलाभोवती सगळ्यांना उभं केलं. कोणी उगवता सूर्य उचलला, कोणी फूल, कोणी पूल. राजीनामा दिलेल्या तिघींपैकी एकीनं इंद्रधनुष्य घेतलं, आता बोल. मी सवयीने वही उघडून प्रत्येकीच्या नावापुढे तिचं चित्र नीट टिपून घेतलं. वॉर्डात झाडलोट करणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या मावशी मात्र हात मागे बांधून उभ्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, की तुम्हाला कोणतं पाहिजे ते सांगा बाई, मी ते उचलते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थकले रे मी.

चुकलेल्या बहिणीवरही लोभ ठेव.

तुझी,
ताई

दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

खूप दिवसांनी मनापासून हसलो. अगं, तू त्यांच्या मनाचा तापाचा तक्ता भरलास! वरिष्ठ बाई वही-पेन घेऊन उभी राहिल्यावर कोण सांगेल की मला ताप आहे? आता वही घरी ठेव. आणि एक गोष्ट सांगायची राहिली होती. जो बोलावतो, त्याने आपलं कार्ड पहिलं ठेवायचं, आणि खरं ठेवायचं. नाहीतर लोक पाहुण्यांसारखे वागतात.

इकडे काही विशेष नाही. मी मजेत आहे.

रुसू नकोस, लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
टिल्लू

दि. २७ फेब्रुवारी

चि. टिल्लूस, अनेक आशीर्वाद.

काल पुन्हा बसलो, म्हणजे उभे राहिलो. मी पहिलं कार्ड ठेवलं, पाणी आटून गेलं तरी चुलीवर राहिलेल्या पातेल्याचं. सांगितलं, की ही मी आहे, घरी कोणी नुसतं पाणी मागितलं तरी मला रडू येतं. मग इंद्रधनुष्यवालीनं हळूच विझलेली मेणबत्ती उचलली, आणि एकेक जण बोलू लागली.

दुसऱ्या फेरीत गंमत झाली. मला वाटलं होतं पगार निघेल, बदली निघेल. निघाली ती खुर्ची. तुझ्याकडे खुर्चीचं चित्र एकच, आणि हात पुढे आले आठ. कार्ड टेबलाभोवती फिरत राहिलं. मावशींनी ते छातीशी धरलं आणि म्हणाल्या, की मागच्या वेळी हेच घ्यायचं होतं, पण मागितल्यासारखं दिसलं असतं. खोली गेल्यापासून या बायका डबासुद्धा उभ्याने खातात. मी रोज ते पाहत होते आणि मला ते दिसत नव्हतं.

मेट्रनबाई खोली देईनात. मग वॉर्डाच्या कोपऱ्यातलं कपाट बाहेर ओढून तिथे पडद्यामागे खुर्च्या मांडल्या. एक बसली की तिच्या खाटा दुसरीने बघायच्या, असं वेळापत्रक केलं आणि तोच बदल म्हणून लिहून दिला. वॉर्ड तूर्त राहिला. दोघींनी राजीनामे परत नेले. तिसरी जातेच आहे, पण जाताना गळ्यात पडून रडली.

आता तुझ्याकडे येते. तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘मी मजेत आहे’ असतं. ते मला आता उगवत्या सूर्याच्या कार्डासारखं दिसायला लागलंय. बोलावणाऱ्याने पहिलं कार्ड ठेवायचं, हे तूच शिकवलंस. तू शेवटचं कधी ठेवलंस? पोतडी परत पाठवतेय. वही बंद आहे.

लोभ आहे, म्हणूनच विचारते.

तुझी,
ताई

दि. ५ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

दोन्ही फेऱ्यांची कार्डं सोबत ठेवली आहेत. पहिलं बंद दाराचं आहे, बाहेर चपलांचा एकच जोड आहे. दुसरं तुमच्या वॉर्डाचंच, खुर्चीचं. त्याबद्दल बोलता येत नाही.

टिल्लू

दि. ९ मार्च

चि. टिल्लूस, अनेक आशीर्वाद.

तुझी कार्डं मिळाली. मी ती भावोजींना दाखवली. ते उठून बुद्धिबळाचा पट पुसायला बसले.

रविवारी मला सुट्टी आहे. खिडकीजवळची खुर्ची रिकामी करून ठेवली आहे. येऊन नुसता बसलास तरी चालेल, कोणी काही विचारणार नाही. दारातला ढीग मी आवरणार नाही. त्याच ढिगात तुझ्याही चपला काढ.

वाट बघतेय.

तुझी,
ताई